क्षपण म्हणजे झिजणं नव्हे

शाळेचा फिरता चषक काळवंडला होता, म्हणून रसायनशास्त्राची शिक्षिका तो घेऊन मुलाम्याच्या दुकानात गेली. मालक आत टाकीवर वाकला होता. काउंटरवर एक वही उघडी पडली होती. तिला राहवलं नाही... पर्समधलं लाल पेन काढून तिनं एका ओळीवर काट मारली.

"अहो! माझी वही आहे ती."

"उत्तर चुकलंय."

"बापजाद्यांपासून चांदी चढवतोय आम्ही."

"तरी चुकलंय."

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले त्याचे वडील खो-खो हसले. "दोनदा नापास झालाय, बाई. आता पुन्हा आपटला तर टाकीला कुलूप."

नवा नियम निघाला होता: मुलाम्याच्या दुकानात निदान एक माणूस रसायनांची लेखी परीक्षा पास हवा. त्याचा हात तयार होता, पण कागद पुढे आला की गाडी अडायची.

"क्षपण म्हणजे झिजणं ना?" त्यानं विचारलं. "मग त्यात इलेक्ट्रॉन मिळतात कसे?"

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे विचारलं नव्हतं. तिनं चषक खाली ठेवला.

"इलेक्ट्रॉनचा भार ऋण. तो आला की धातूवरच्या भाराचा आकडा उतरतो, अधिक दोनाचा शून्य होतो. झिजतो तो आकडा."

"...हे आधी कुणी सांगितलं नाही."

ती शनिवारी पुन्हा आली. पुढच्याही. ग्लासात मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, निळं पाणी घेऊन तिनं त्यात लोखंडी खिळा सोडला. दोघं वाकून बघत बसले. थोड्याच वेळात खिळ्यावर तांबूस थर धरला.

"इलेक्ट्रॉन दिले कुणी?" तिनं विचारलं.

"लोखंडानं. त्याचं ऑक्सिडीकरण."

"घेतले?"

"तांब्यानं. त्याचं क्षपण." तो थांबला. "आणि घेणारा नसेल तर?"

"तर देणाराही देऊ शकत नाही. दोन्ही एकदमच होतं."

"बरं आहे," तो ग्लासाकडे बघत म्हणाला. तिनं उगाच केस कानामागे सारले.

दोन महिन्यांनी निकाल लागला. हातही न धुता तो थेट शाळेच्या प्रयोगशाळेत आला.

"पास!"

"अभिनंदन," ती म्हणाली आणि धुतलेलीच परीक्षानळी पुन्हा धुवायला लागली.

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना. मला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजनं बोलावलंय. पत्र येऊन महिना झाला."

"काय कळवलंत?"

"काहीच नाही... तुमची परीक्षा होती."

बाहेर मुलांचा गलका चालला होता.

"जायचंय तुम्हाला?"

"हो." ती खोटं बोलू शकली नाही. "खूप."

"मग जा. किती लांब आहे?"

"गाडीनं चार तास."

"शनिवारी टाकी बंद ठेवीन."

"अहो, जिच्यासाठी एवढं जिवाचं रान केलंत, ती—"

"बाकीचे दिवस तिचेच आहेत." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "शनिवार तुमचा... चालेल?"

तिनं नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले.

"सकाळची गाडी धरा," ती म्हणाली. "दुपारच्या गाडीनं फार उशीर होतो."