जिन्यातलं आवतण

मयूर विहारच्या त्या सोसायटीत थंडीच्या दिवसांत दुपारी सगळ्या बायका गच्चीवर ऊन खायला जात. शेवंताबाई जात नसत. "दुसऱ्यांच्या सुनांची उणीदुणी काढायला एवढे जिने कोण चढेल? मला घरात स्वतःची आहे की!" असं त्या म्हणत, आणि आतल्या खोलीतून ती सून, मयुरा, ओरडे, "ऐकू येतं मला, आई!"

"ऐकू यावं म्हणूनच बोलते."

शेवंताबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. पुढचं शिक्षण कोरेगावच्या बाजारात झालं, भाजीच्या पाटीमागे बसून. त्या पाटीवर त्यांनी विक्रांतला शिकवलं, आणि तो दिल्लीत नोकरीला लागला तेव्हा त्याच्या घरी आल्या त्या पाहुण्यासारख्या नव्हे, मालकिणीसारख्या. मयुराला सहावा महिना होता. आदल्या वर्षी एक गर्भ पाचव्या महिन्यातच पडला होता. म्हणून शेवंताबाई तिला भरला तांब्या उचलू देत नसत. वर "बसा राणीसाहेब, उठू नका" असं टोचतही असत. टोचणं त्यांच्या मायेतच मोडत होतं.

इमारत नवी होती. जिन्याला अजून ओल्या सिमेंटचा वास येई. खालचे मजले भरले होते; वरचे फ्लॅट लोकांनी पुढे भाव येईल म्हणून घेऊन ठेवले होते. दारांना कुलपं, कुलपांवर धूळ.

डिसेंबरात विक्रांत एक दिवस व्हीसीआर, कॅसेटींची पिशवी आणि तीन पायांवर उभा राहणारा व्हिडिओ कॅमेरा घेऊन घरी आला. कस्तुरबा गांधी मार्गावर त्याचं ऑफिस होतं, नव्या चॅनेलचं. दर शुक्रवारी भुताचे सिनेमे दाखवायचं घाटत होतं. कोणता सिनेमा माणसांना सगळ्यात जास्त घाबरवतो, हे शोधायचं काम विक्रांतच्या गळ्यात पडलं होतं.

"विचारलं तर लोक खोटं बोलतात," तो म्हणाला. "म्हणून सिनेमा बघताना त्यांचे चेहरेच शूट करायचे. ज्याला जास्त माणसं दचकतील तो सिनेमा पहिला."

"म्हणजे भूत दाखवायचं आणि बायकांची तोंडं टिपायची. याचा पगार देतात?"

"बिल्कुल देतात."

"मग बोलव बायकांना. नाहीतर थांब, मीच बोलवते."

गावाकडे आवतण द्यायची एक रीत असते. दारोदार जायचं, उंबऱ्याशी उभं राहायचं, समोरचं माणूस डोळ्यांनी बघायचं आणि मग 'या' म्हणायचं. शेवंताबाईंना ती रीत पक्की ठाऊक होती. पण गुडघे धरले होते, आणि पंजाबी-बंगाली शेजारणींच्या दारात आपली मोडकी हिंदी उघडी पाडणं त्यांच्या मानाला झेपणारं नव्हतं. त्या जिन्यात आल्या, कठडा धरून वर तोंड केलं आणि बाजारातल्या आवाजात हाक दिली, "दुपारको हमारे घर सिनेमा है! जो कोई है, सब आ जाओ!"

हाक वर गेली, कुलपं लावलेल्या मजल्यांवर फिरली आणि जरा उशिरानेच परत आली.

दुपारी बैठकीची खोली भरली. पडदे ओढले होते. सिनेमात विहिरीतून एक नवरी वर येत होती, आणि तळमजल्यावरच्या इंदुमती कुलकर्णी तोंडावर पदर घेऊन एका डोळ्याने बघत होत्या. "लहानपणी तंबूत असला एक पाहिला होता हो," त्या कुजबुजल्या. "महिनाभर परसाकडे एकटी गेले नाही."

"त्या नवरीला थंडी कशी वाजत नाही पाण्यात?" शेवंताबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "आणि हळद अजून कशी निघाली नाही अंगाची? हलक्या हाताची दिसतेय विहीर." बायका किंचाळता किंचाळता हसल्या. विक्रांत वैतागला. "आई, तू बोलू नकोस ना! त्यांना घाबरू दे."

संध्याकाळी चहा घेताना त्याने चेहऱ्यांची कॅसेट लावली. इंदुमतींचा एक डोळा, शेजारच्या सरदारणीचं उघडं तोंड, मयुराने गच्च धरलेली उशी. मागे दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, एक बाई उभी होती. फिक्या रंगाची साडी. पदर डोक्यावरून.

"ही कोण?" विक्रांतने विचारलं.

"मला वाटलं आईंच्या ओळखीची," मयुरा म्हणाली.

"मला वाटलं तुझ्या." शेवंताबाईंनी बशी खाली ठेवली. "बसा म्हणायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. उभ्याने गेली असेल बिचारी." आपल्या घरून कुणी उभ्या उभ्या गेलं, याचंच त्यांना वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी दुसरा सिनेमा, पडक्या वाड्याचा. आदल्या दिवसापासून बाहेर धुकं होतं. दुपारीही रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे चालू होते. या वेळी शेवंताबाईंनी दाराशी मुद्दाम नजर ठेवली. ओळखीच्याच बायका आल्या, ओळखीच्याच गेल्या. मटारांची परात त्यांनी मयुराच्या पाठीमागे, भिंतीशी सरकवून ठेवली होती. तिथे कुणी बसायला जागाच नव्हती.

कॅसेटमध्ये ती बाई तिथेच बसली होती. परात तिच्या मांडीवर होती.

सगळ्या बायका टीव्हीकडे बघत होत्या. टीव्हीवर कुणीतरी मरत असावं, कारण सगळ्यांचे डोळे एकदम मिटले. त्या बाईचे मिटले नाहीत. ती सिनेमा बघतच नव्हती. मयुराच्या खांद्यावरून पुढे झुकून ती तिच्या पोटाकडे बघत होती, भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी.

मयुरा मग हळूच म्हणाली, "मला ना, सिनेमाभर पाठीला कुणीतरी टेकल्यासारखं वाटत होतं. आणि बाळ अगदी गप्प होतं."

विक्रांत टीव्हीच्या काचेला नाक लावून बघत होता. "कॅसेट जुनी असणार. आधीचं चित्र पुसलं गेलेलं नाही, त्यावर हे उमटलंय. होतं असं."

"आधीच्या चित्रातल्या बाईनं माझी परात कशी घेतली रे?" शेवंताबाईंनी विचारलं.

त्याने टीव्ही बंद केला. सोमवारी तो ऑफिसातून आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "साहेबांनी ती कॅसेट दोनदा पाहिली आणि ऑफिसातले सगळे दिवे लावायला सांगितले. आई, विहीर नाही, वाडा नाही, ही सगळ्यात भीतिदायक फिल्म आहे! शनिवारी अजून एकदा शूट करायचं. मग मला बढती नक्की."

"मयुरा बसणार नाही."

"ती नसेल तर ती बाई येईल कशाला?" विक्रांत पटकन बोलून गेला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याने जीभ चावली.

शेवंताबाई त्या दिवशी इंदुमतींकडे गेल्या. गुडघे धरत, पण गेल्या. वर कोण राहतं, असं विचारलं. "कुणी नाही हो. इमारत झाल्यापासून कुणीच नाही," इंदुमती म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी कुणाकुणाला बोलावलंत?"

शेवंताबाईंची नजर दारातून जिन्याकडे गेली; 'जो कोई है, सब' असंच त्या ओरडल्या होत्या.

मयुराला माहेरी धाडावं तर गाडीचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला होता. मंगळवारी ती स्वयंपाकघरात एकटी असताना मागे न बघताच "आई, सरका ना जरा" म्हणाली, आणि शेवंताबाई त्या वेळी न्हाणीघरात होत्या. म्हणजे आता सिनेमाचीही गरज उरली नव्हती. न बोलावता आलेल्याला हाकलता येतं. बोलावलेल्याला कसं हाकलायचं? ज्याने बोलावलं त्यानेच त्याची सोय लावायची असते.

"लाव शनिवारी तुझा कॅमेरा," त्यांनी विक्रांतला सांगितलं. "मयुराही बसेल; ती बाई यायला हवी मला. पण मी सांगेन तिथे मी बसणार."

शनिवारी शेवंताबाई मयुराच्या पाठीमागे, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. गुडघे करकरले. मांडीवर काही घेतलं नाही. पडदे ओढले गेले, सिनेमा सुरू झाला.

अर्ध्यावर वीज गेली.

टीव्ही मेला. कॅमेऱ्याचा लाल ठिपका तेवढा तेवत राहिला, तो बॅटरीवर होता. अंधारात कुणीतरी "अरे यार" म्हणालं, कुणी हसलं.

ओल्या सिमेंटचा वास आला.

शेवंताबाईंच्या पाठीशी भिंत होती. तरी मागून त्यांच्या उजव्या खांद्यावर कुणाची तरी हनुवटी टेकली.

जड होती. गार होती. आणि पुढे सरकत होती, मयुराकडे.

शेवंताबाईंनी हात वर करून ती हनुवटी धरली. बाजारात पैसे न देता निघालेल्या गिऱ्हाइकाचं मनगट धरावं, तशी.

"बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ती पोर तुझी कुणी लागत नाही. तिनं तुला बोलावलं नाही. हाक माझी होती, तू पाहुणी माझी. काय घ्यायचं ते माझ्याकडून घे."



मग खांद्यावरचं ओझं मान डोलावल्यासारखं एकदा हललं, आणि उतरलं.

"आई!" अंधारात मयुरा हसत ओरडली. "लाथ मारली! केवढी लाथ मारली बघा!"

त्या कॅसेटमध्ये काही निघालं नाही. अंधार, बायकांची हसणी, मग दिवे. विक्रांत हिरमुसला. बढती दुसऱ्याला गेली, चॅनेलने विहिरीतली नवरी पहिली लावली. मयुराच्या मागे पुन्हा कुणी उभं राहिलं नाही. मार्चमध्ये मुलगी झाली, धट्टीकट्टी, आणि शेवंताबाई भेटेल त्याला "नाक माझं आहे, तोऱ्यासकट" असं सांगत सुटल्या.

बारशाला त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. कपाळ पांढरं झाल्यापासून शुभकार्यात पुढे व्हायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि तो मोडायला लावणारं माणूस अजून जन्मायचं होतं. मयुराने विनवलं, इंदुमतींनी हात धरून ओढलं. "मी घुगऱ्या बघते, तुम्ही पाळणा बघा," म्हणून त्यांनी हात सोडवून घेतला. आत्या म्हणून इंदुमतीच उभ्या राहिल्या. विक्रांतने ऑफिसच्या कॅमेऱ्यावर सगळं टिपलं. कॅसेटची नक्कल करून घरी आणायला मात्र त्याला ऑगस्ट उजाडला.

तिघंही बघायला बसले. पाळणा, झेंडूच्या माळा, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या'. इंदुमतींनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायका ओरडल्या, "मैत्रेयी!"

मग स्वयंपाकघराच्या दारातून शेवंताबाई बाहेर आल्या.

बारशाच्या दिवशी नेसलेली तीच करड्या काठांची साडी. पदराला हात पुसत त्या पाळण्यापाशी गेल्या. बायकांनी हसून वाट दिली. त्या वाकल्या, बाळाच्या कानाला तोंड लावलं, आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"बघा," मयुराचा आवाज ओला झाला. "शेवटी आलात ना बाहेर! मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं, आई."

शेवंताबाई पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे त्या अजून वाकलेल्याच होत्या. आणि त्याच वेळी, कॅसेटमध्ये, आतल्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली आणि त्यांचाच खणखणीत आवाज आला, "मयुरा, वाट्या पाठव गं!"

विक्रांतचं लक्ष नव्हतं. मयुराचंही नव्हतं.

"काय सांगितलंत तिच्या कानात?" मयुराने विचारलं.

शेवंताबाईंचा हात आपल्या उजव्या खांद्यावर गेला; 'काय घ्यायचं ते माझ्याकडून घे' असं त्याच म्हणाल्या होत्या.

मुलगी सतरंजीवर पालथी पडून स्वतःची मूठ चोखत होती. "मैत्रेयी," मयुराने हाक मारली. "मैत्रू, इकडे बघ." मुलीने बघितलं नाही. त्या नावाला ती कधीच बघत नसे. डॉक्टरांनी कान तपासून चांगले आहेत म्हणून सांगितलं होतं.

मग खोलीत कुणीही काही बोललेलं नसताना तिने मूठ तोंडातून काढली, बंद दाराकडे मान वळवली आणि कुणी आपल्या नावाने हाक मारल्यासारखी हसली.