पिकअप बदलून द्या

धाकट्याचं गिटार-दुरुस्तीचं दुकान एका छापखान्याच्या मागच्या अंगाला होतं. दिवसभर भिंतीपलीकडून यंत्रांची धडधड यायची, म्हणून आवाज तपासायचा तो छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीतच, ही त्याची सवय. त्या दिवशी यंत्रं नुकतीच थांबली होती आणि वहिनी गिटारची पेटी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

थोरल्या भावाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. शोकसभेत लोक भरभरून बोलले. काय ती बोटं, काय तो सूर! वहिनी पहिल्या रांगेत मूग गिळून बसल्या होत्या. ती इलेक्ट्रिक गिटार मुळात त्यांची. लग्नाआधी त्या वाजवायच्या, माहेरून येताना ती सोबत आणली होती. थोरल्यानं 'जरा बघू' म्हणून ती हातात घेतली ती घेतलीच, आणि तिच्यावरच नाव कमावलं. वहिनी कधी उचलायला गेल्या, तर चारचौघांत हसून म्हणायचा, "अगं ठेव, सूर उतरवून ठेवशील."

"भाऊजी, यातला पिकअप बदलून द्या," वहिनी म्हणाल्या. "मला परत वाजवायचंय. पण तुमच्या भावाचा आवाज नको. कानात बसलाय तेवढा पुरे."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक. त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार छेडली की तिची थरथर तो पकडतो आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे, पाठवतो. तो बदलला की गिटारचा गळाच बदलतो.

"वेगवेगळे लावून बघतो," धाकटा म्हणाला. "बरा वाटेल तो ठेवू."

दुसऱ्या दिवशी त्यानं जुना पिकअप काढून मीटरला लावला. काटा जागचा हलला नाही. उघडून पाहिलं, तर आतली तार तुटलेली, म्हणजे पिकअप मुकाच, आणि तुटलेली टोकं पार हिरवी पडलेली. असं हिरवं पडायला वर्षं जातात. पण थोरला तर अगदी आजारी पडेपर्यंत हीच गिटार घेऊन मंचावर उभा राहत होता. ओल लागली असेल, असं म्हणून धाकट्यानं तो खणात टाकला.

पहिला नवा पिकअप एका वेटोळ्याचा होता. आवाज लख्ख, काचेवर नख वाजवावं तसा. धाकट्यानं साधी सुरावट वाजवली आणि हात उचलला. हात उचलल्यावर एक सूर आला. उशिरा, घसटत. खुर्ची न उचलता ओढत न्यावी तसा. शेवटचा सूर असा ओढत न्यायची खोड एकाच माणसाला होती.

धाकटा भुताखेतं मानणारा माणूस नव्हता. त्यानं ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, मोबाइल बाहेर ठेवून आला. पुन्हा वाजवलं. तो सूर पुन्हा आला.

दुसरा पिकअप दुहेरी वेटोळ्याचा. विजेची घरघर आपोआप मारणारा, भरदार, ऊबदार गळ्याचा. यावर धाकट्यानं एकच मोकळी तार छेडली, आणि अँपमधून सुरांची अख्खी ओळ उतरत आली. त्यानं केबल बदलली, अँप बदलला. त्याच अँपला दुसरी गिटार जोडली. ती बिचारी शहाण्यासारखी वाजली.

तिसरा होता मवाळ चुंबकाचा, जुन्या वळणाचा. त्यावर काहीच झालं नाही. सुट्टी संपून यंत्रं सुरू होईपर्यंत तो वाजवत राहिला. छेडेल तेवढंच वाजत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं वहिनींना फोन केला.

वहिनी आल्या, स्टुलावर बसल्या. सुरुवातीला बोटं चाचपडत होती, मग रुळली. आवाज मऊ, थोडा बुजरा, पण प्रत्येक सूर जागच्या जागी. धाकटा ऐकत राहिला. ही बाई थोरल्यापेक्षा चांगलं वाजवत होती. कितीतरी चांगलं.

मग दुसरं वाजणं सुरू झालं.

ते त्यांच्या सुरांखालून नाही, वरून आलं. वहिनींची बोटं सावकाश चालली होती, अँपमधून मात्र घाईघाईनं, ऐटीत वाजत होतं. त्यांनी तळहात तारांवर दाबून धरला. वाजणं थांबलं नाही. त्यानं आपली ओळ पुरी केली, शेवटचा सूर ओढत नेला, आणि मगच ते गप्प झालं.

"ऐकलंत?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. "जिवंतपणीही हेच. मी तोंड उघडलं की हे मध्ये बोलणार."

"वहिनी, अजून एक आहे माझ्याकडे. तो लावून—"

"नको. सगळे काढा. रिकामी द्या मला."

"रिकामी ऐकू नाही येणार हो. म्हणजे येईल, पण डासाएवढी. अगदी समोर बसलेल्यालाच."

"माझ्या समोर कोण बसलंय आता?"

धाकट्यानं स्क्रू सोडवले आणि तारांखाली नुसती भोकं असलेली गिटार त्यांच्या हाती दिली.

काही आठवड्यांनी, एका दुपारी तो त्यांच्याकडे गेला. वहिनींच्या चेहऱ्यावर तजेला होता. बोटांची टोकं कडक झालेली, रोज वाजवणाऱ्याची होतात तशी. चहा ठेवायच्या आधीच त्या गिटार घेऊन बसल्या.

"ऐकवते. खूप बसलंय आता हातात."

त्या वाजवू लागल्या. बोटं सरसर फिरत होती. तारा थरथरताना दिसत होत्या.

आवाज नव्हता.

डासाएवढासुद्धा नव्हता. फ्रिज चालू होता, तो ऐकू येत होता. बाहेर कोणीतरी जिना चढत होतं, ते ऐकू येत होतं.

धाकटा पुढे सरकला. कारागिराच्या सवयीनं त्यानं गिटारच्या लाकडावर हात ठेवला. लाकूड इतकं हादरत होतं की मनगटापर्यंत मुंग्या आल्या. त्यानं हात मागे घेतला.

वहिनी डोळे मिटून वाजवत होत्या. मग मध्येच थांबल्या, थोड्या ओशाळल्या.

"भाऊजी, खरं सांगा. फार मोठा होतो का हो आवाज? शेजारच्यांना त्रास होत असेल."

त्यानं मुंग्या आलेलं मनगट चोळलं.

"थोडा," तो म्हणाला.

वहिनींनी उठून खिडकी लावून घेतली, आणि पुन्हा वाजवायला बसल्या.