कुत्रं धरा

बाबांनी शस्त्रक्रियेला होकार दिला, पण एका अटीवर. आधी खिंडीपलीकडचं जुनं उन्हाळी कुरण एकदा बघायचं. हृदयाची झडप बदलली नाही तर हा हिवाळा निघणं कठीण, असं शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. घोड्यांवर खोगीर चढवताना आई मला एवढंच म्हणाली, "नोमून, यांना जसं नेतेयस तसंच परत आण."

चढावर बाबा मजेत होते.

"गवताचं शास्त्र शिकून आलीस, आणि घोड्यावर पोत्यासारखी बसलीयस."

"पोत्याला धाप तरी लागत नाही, बाबा. तुम्हाला लागलीय."

"घोड्याची आहे ती."

त्यांचे ओठ निळसर पडले होते. खिंडीतल्या दगडांच्या राशीभोवती आम्ही प्रदक्षिणा घातली, एकेक दगड वर ठेवला आणि पलीकडे उतरलो. खाली क्षितिजापर्यंत सप्टेंबरचं वाळलेलं, पिवळं गवत पसरलं होतं. आजी याच कुरणावर वारली. बाबा तेव्हा इतके लहान होते की त्यांना तिचा चेहराही आठवत नव्हता.

ओढ्याकाठी एक गेर दिसलं. लोकरीच्या पांढऱ्या नमद्याचा गोल तंबू, वर धुराची सरळ रेघ. बाबांना टेकायला जागा मिळाली म्हणून मला हायसं वाटलं. जवळ गेल्यावर लक्षात आलं, त्याचं दार उत्तरेला होतं. आमच्याकडे दार दक्षिणेलाच असतं, लहान मुलंही खेळातला तंबू तसाच मांडतात. आसपास शेण नव्हतं, गुरांची एकही पायवाट नव्हती.

परक्या दारी आम्ही लांबूनच हाक देतो, "कुत्रं धरा." घरात कुत्रं असो वा नसो, आत येऊ का हे विचारायची ती रीत. स्वतःच्या घरी मात्र असं कोणी ओरडत नाही.

बाबा घोड्यावरून उतरले आणि थेट दारापाशी गेले.

"बाबा, हाक तरी द्या."

ते वाकून आत शिरले होते. त्यांच्या वतीने मीच हाक दिली. कुत्रं भुंकलं नाही.

आत चुलीपाशी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. गुरं धष्टपुष्ट आहेत ना, प्रवास बरा झाला ना, यातलं तिने काही विचारलं नाही. माझ्याकडे तर तिने पाहिलंही नाही.

"किती उशीर केलास रे," ती बाबांना म्हणाली.

"वाट लांब होती." बाबांचा आवाज बारीक झाला होता.

तिने दुधाचा चहा दिला. मी खाली मान घातली, आणि नजर पायांवर गेली. तंबूखालचं गवत थोड्याच दिवसांत दबून पिवळं पडतं. इथे ते हिरवंगार, ताठ उभं होतं. चुलीला अगदी लागून निळी फुलं उमलली होती.

मी वाडगा नुसता ओठांना लावून ठेवला. बाबांनी चहा संपवून वाडगा चाटला. त्यांचे ओठ आता गुलाबी होते.

"बाबा, उजेड आहे तोवर निघूया."

"थोडं थांबू?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

"जाऊन ये," ती म्हणाली.

निघालेला माणूस सुखरूप परतावा म्हणून मागून दूध शिंपडतात. तिने पळीभर दूध शिंपडलं. बाबांच्याच घोड्यामागे.

परतीच्या चढावर त्यांना धाप लागली नाही. खिंडीत मी त्यांची नाडी पाहिली. ठोके अगदी नियमित होते. माझ्या आठवणीत ते कधीच तसे नव्हते. रात्र खिंडीखाली काढून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोहोचलो.

आई दारातच उभी होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आलात? चहा ठेवलाय."

आमचा कुत्रा हार, पिल्लू असताना बाबांनी मांडीवर घेऊन दूध पाजलेला, धावत निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. मानेवरचे केस उभे राहिले. तो गुरगुरू लागला.

मी उतरले.

बाबा उतरले नाहीत. त्यांनी लांबच लगाम खेचला. घराकडे, मग आईकडे पाहिलं. आणि पाहुण्याच्या अदबशीर आवाजात हाक दिली,

"कुत्रं धरा."