डाव्या सीटवरचा प्रणीत

आसावरी बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आली होती ऑफिसच्या कामाला. पण एका कारखान्याच्या फाटकाशी ताडपत्रीखालून डोकावणारं ते बुटकं, रुंद, निळं नाक तिला दिसलं आणि मीटिंग गेली उडत! काचेवर 'विकणे आहे' असं तीन भाषांत लिहिलेलं. त्यातली एक चक्क मराठी.

“जपानी स्पोर्ट्स कार आहे,” मागून आवाज आला. “जुनी आहे, पण इंजिन मी नव्यानं बांधलंय. टर्बो बसवलाय. स्वल्प आवाज करते.”

त्यानं किल्ली फिरवली. कारखान्याच्या शेडच्या पत्र्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली. आसावरीनं कानांवर हात ठेवले.

“याला स्वल्प म्हणता तुम्ही?”

“अय्यो, हे तर तिचं लाडानं बोलणं. रागावली की बघा!”

हा प्रणीत. पिढ्यान्पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात कन्नड कधी शिरायची ते त्याचं त्यालाही कळत नसे.

“एवढी लाडकी, तर विकता कशाला?”

त्याचं हसू मावळलं. डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय, म्हणाला. कडेचं दिसेनासं झालंय, संध्याकाळी तर नळीतून बघितल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. काही वर्षांत उरलेलंही जाईल.

“घेणाऱ्यानं मला अधूनमधून शेजारी बसवावं, एवढीच अट आहे.”

आसावरीनं गाडी घेतली. पुण्याहून आईनं फोनवर डोकं फोडून घेतलं... पण ऐकेल ती आसावरी कसली! मग दर रविवारी एचएसआर लेआउटमधल्या घरून अख्खं शहर ओलांडून ती पीण्याला यायची आणि दोघं तुमकूर रोडला लागायची. ती स्टिअरिंगवर, डावीकडे प्रणीत.

“क्लच असा नाही दाबायचा. प्रेमानं.”

“प्रेमानंच दाबतेय.”

“गाडीवरच्या... की?”

“रस्त्याकडे बघा गप्प.”

“मी बघून काय उपयोग?” तो म्हणाला आणि दोघंही हसली.

तुम्हीचं तू झालं. जीव कधी जडला ते कळलंही नाही. आणि एके दिवशी त्यानं चहाचा ग्लास बॉनेटवर म्हणून ठेवला तो हवेतच. फुटलेल्या काचा तो चाचपून चाचपून गोळा करत होता. आता वाट बघायला वेळ नाही, हे तिला उमगलं.

त्याच संध्याकाळी शेडसमोर, इंजिन चालू असतानाच, ती म्हणाली, “प्रणीत, रविवारपुरतं नकोय मला. रोज हवा आहेस. लग्न करशील माझ्याशी?”

तो समोरच बघत राहिला. सायलेन्सर धडधडत होता.

“सरी,” तो म्हणाला.

तिला ऐकू आलं... सॉरी.

“उतर.”

“अगं, पण—”

“उतर म्हणते ना!”

तो उतरला. तिनं गाडी दामटली. डोळे पुसत आरशात बघते तर काय — हा वेडा हात पसरून भर रस्त्यातून धावतोय! एक टेम्पो करकचून ब्रेक मारत त्याच्या अंगाला घासून गेला आणि प्रणीत गटाराच्या कडेला कोसळला.

गाडी तशीच टाकून ती धावत सुटली. त्याचा गुडघा फुटला होता.

“मरायचंय का? सॉरी म्हणालास ना, मग कशाला धावलास?”

“सॉरी? कोण म्हणालं? सरी म्हटलं मी, सरी! कन्नडात... बरं, चालेल!”

“लग्नाला विचारल्यावर 'चालेल' म्हणतात होय रे?”

“आमच्या घरात सगळ्याला सरीच म्हणतात की!”

“आणि साधं बघितलंही नाहीस माझ्याकडे.”

त्यानं गुडघ्यावरची माती झटकली. “उजवीकडची तू मला आता दिसतच नाहीस, आसावरी. मान वळवायला हवी होती... पण मी रडत होतो. आंधळ्याच्या गळ्यात कशाला पडतेस, असं म्हणायचं ठरवून आलो होतो. तू विचारलंस आणि जिभेला दुसरं काही सुचेना.”

आसावरी त्याच्यासमोर धुळीतच बसली. ओंजळीत त्याचा चेहरा धरून तिनं आपल्याकडे सरळ केला.

“इथं दिसते?”

“दिसतेस. नाक लाल झालंय.”

“मग बघून घे,” ती म्हणाली. “जितकं बघता येईल तितकं बघून घे.”

मागे गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकल्या. तो बघत राहिला.