एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी उचगावला जाऊन विचारावं. वर्षाराणीचं दुकान रोज उघडं असतं. पण जाताना काहीतरी दुरुस्तीला घेऊन जा, नुसत्या चौकशीला आलेल्या माणसाशी ती नीट बोलत नाही.

गेल्या वर्षीचा चैत्र. वार मंगळवार. वेळ दुपारचे सव्वादोन.

रात्रीचे बारा असते तर ऐकायला बरं वाटलं असतं, हे मान्य. पण हे भर दुपारी घडलं. ऊन असं की कुत्री गाड्यांखालनं बाहेर यायला तयार नव्हती.

वर्षाराणी माझी मावसबहीण. वय सत्तावीस. घड्याळं दुरुस्त करते. खरीखुरी, चावीची. सेल बदलून देण्याला ती दुरुस्ती म्हणत नाही, हमाली म्हणते. तिचे वडील प्रभुलिंगअण्णा यांची नजर साखरेनं गेली, तेव्हापासून भिंग तिच्या डोळ्याला आणि दुकान तिच्या अंगावर.

दुकान म्हणजे सहा बाय आठचा गाळा. भिंतीवर गिऱ्हाइकांची सतरा घड्याळं, सतराही वेगवेगळी वेळ सांगणारी. मधोमध तिच्या अज्जाचा, म्हणजे अण्णांच्या वडलांचा फोटो. गुरुपाद पैलवान. डोक्याला फेटा, खांद्यावर गदा, आणि खाली पांढऱ्या रंगात लिहिलेलं: 'जन्मात पाठ लागली नाही.'

या वाक्यावर तिच्या घराण्याच्या तीन पिढ्या ताठ मानेनं चालल्या. अज्जा हरला नाही म्हणून अण्णा कुणापुढं वाकले नाहीत, आणि अण्णा वाकले नाहीत म्हणून वर्षाराणी कुणाचं ऐकत नाही.

तिचा थोरला भाऊ सम्राट कागलच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचा. त्याला नोकरी सोडून दुकानात मोबाईल कव्हर विकायची होती.

"वर्षे, घड्याळ आता फोनात असतंय," तो म्हणायचा.

"चंद्र पण फोनात दिसतोय. मग वरचा काढून टाकायचा काय?"

असं चाललेलं. अशात एक दिवस मुरगूडकडच्या एका गावचे पिराजी वस्ताद दुकानात आले. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात. वस्तादांचं वय सत्तरीच्या पलीकडं, कान फुटून भज्यासारखे झालेले.

"या पावणं, बसा. काय बंद पडलंय?"

"बंद न्हाय पडत. थांबतंय."

"दोन्हीत फरक काय?"

"बंद पडायला कारण लागतंय," वस्ताद म्हणाले.

त्यांनी लाल फडकं सोडलं. आत जुनं स्टॉपवॉच. चावीचं. मोठा काटा सेकंदाचा, वर छोट्या गोलात मिनिटाचा काटा. काचेला आरपार तडा.

"एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद चालतंय आणि उभं राहतंय. शहरात तिघांनी उघडून बघितलं. तिघंबी म्हणाले, आत काय बिघाड न्हाय."

"मग काच कशानं फुटली?"

"तिसऱ्यानं आपटलं."

"का?"

"भ्यालं ते."

वर्षाराणी हसली. वस्ताद हसले नाहीत.

त्यांना ते पुढच्या बुधवारी जत्रेच्या कुस्त्यांना हवं होतं. मोबाईलवर वेळ लावा की, असं तिनं सुचवलं. वस्तादांनी मान हलवली. त्या मैदानाचा नेम होता, वेळेची कुस्ती याच घड्याळावर लागणार. घड्याळ थांबतं म्हणून इतकी वर्षं तिथं वेळेची कुस्ती लागलीच नव्हती. बारक्या पोरांच्या जोडीलासुद्धा निकाल लागेपर्यंत सोडायचे नाहीत. पोरं रडायची, पण सोडायचे नाहीत.

सम्राट मागं उभा राहून ऐकत होता. वस्ताद गेल्यावर तो टेबलावर बोट टेकवून म्हणाला, "हे बुधवारच्या आत चालू झालं तर मी परत कव्हरचं नाव काढणार न्हाय. न्हाय झालं तर हे टेबल भंगारात. कबूल?"

"कबूल."

पुढचे पाच दिवस ती त्या घड्याळात डोकं घालून बसली. आपटल्यामुळं बॅलन्स चाकाच्या दांड्याचं टोक मोडायला आलं होतं. तसला सुटा भाग आता कुठं मिळत नाही. मग तिनं जाड सुईचं पोलाद घेऊन छोट्या लेथवर नवा दांडा घडवला. दोन बिघडले, तिसरा बसला. केसासारखी स्प्रिंग सरळ केली. सगळी चाकं पेट्रोलनं धुतली, तेलाचा टिपूस दिला, काच बदलली.

आणि मंगळवारी सव्वादोनला तिनं बटण दाबलं.

काटा निघाला. झकास. ती समोर चहा घेऊन बसली.

अठरा मिनिटं. एकोणीस. वीस सेकंद... तीस... एकोणचाळीस...

थांबला.

आणि बाहेरून आवाज आला...

थप्प.

उघड्या मांडीवर जोरात थाप मारल्यासारखा. पैलवान आव्हान देताना शड्डू ठोकतो, अगदी तसा.

ती पायरीवर आली. रस्ता रिकामा. समोरच्या पिठाच्या गिरणीला कुलूप. गाडीखालचं कुत्रं उठून उभं राहिलं होतं आणि दुकानाकडं बघत मागं मागं सरकत होतं.

तिनं आत येऊन घड्याळ उघडलं.

चाकांमध्ये माती होती...

लाल. मऊ. ओलसर. नाकाशी नेली तर ताक, लिंबू आणि तेलाचा वास. तालमीच्या हौदातली माती अशी असते. तासाभरापूर्वी तिनं तीच चाकं पेट्रोलनं धुतलेली.

दुसरं कुणी असतं तर दुकान सोडून पळालं असतं. तिनं ब्रशनं माती गोळा केली, कागदाच्या पुडीत बांधली आणि वर 'वस्ताद' असं लिहून ठेवली. गिऱ्हाइकाचा माल गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा अण्णांचा शिरस्ता.

परत सफाई. परत चावी. तीनला दहा कमी असताना परत बटण.

एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद.

थप्प...

या वेळी आवाज पायरीवरून आला.

आणि मग तिच्या लक्षात आलं की दुसरं काहीच ऐकू येत नाही. पंख्याचा आवाज नाही, हायवेच्या गाड्यांचा नाही. भिंतीवरची सतरा घड्याळं... सतराही गप्प.

तिनं वस्तादांना फोन लावला.

"वस्ताद, मी पाच दिवस या घड्याळाच्या पोटात हाय. आता खरं काय ते सांगा."

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज. मग वस्ताद बोलले.

"पंचावन्न वर्षं झाली. आमच्या गावचा केरबा आणि सीमेवरचा एक पावणा. वीस मिनिटांची कुस्ती धरलेली, कारण दिवस मावळत आलता. शेवटाला केरबानं पावण्याला खाली घेतला. एक खांदा टेकला. दुसरा चार बोटं वर. दोन्ही टेकले की चितपट. घड्याळ माझ्या वडलांच्या हातात, गुंडूतात्यांच्या. आणि पावणा आदल्या रात्री आमच्याच घरी जेवलेला, पोरी. आईनं वाढल्यालं. घरी जेवून गेलेल्या माणसाची पाठ गावासमोर लागू द्यायची कशी? तात्यांनी बटण दाबलं."

"कितीला?"

"वीस सेकंद आधी."

"आणि केरबा?"

"बरोबरी झाली म्हणून सांगितलं, तर हौदातनं उठंना. अजून येळ हाय, अजून येळ हाय, म्हणत बसला. चार महिन्यांनी कावीळ झाली, गेला. तवापासनं ते घड्याळ असं करतंय."

"पावणा कोण होता?"

"तुझ्या दुकानात फोटो हाय बघ त्याचा."

तिनं वर बघितलं. फेटा, गदा, पांढरी अक्षरं.

"म्हणजे मुद्दाम माझ्याकडं आणलंत?"

"व्हय. शहरातल्या तिघांचा ह्यात काय संबंध?"

तिनं फोन ठेवला. ती सांगते, तेव्हा भीती अजिबात वाटली नाही. राग आला. जे वाक्य घराण्यानं तीन पिढ्या मिरवलं, ते म्हणे एका जेवणावर उभं होतं! अज्जाचा खांदा चार बोटं वर होता. वीस सेकंदांत तो टेकला असता, हे ठरवणारे गुंडूतात्या कोण?

तीन वीसला तिनं तिसऱ्यांदा बटण दाबलं. या वेळी घड्याळ टेबलावर ठेवलं नाही, उजव्या मुठीत धरलं. एकोणीस मिनिटं झाल्यावर ती रिकाम्या दुकानाला मोठ्यानं म्हणाली, "वीस सेकंद तुझे हाईत, मान्य. घे. पण फुकट न्हाय मिळायचे."

अडतीस... एकोणचाळीस... चाळीस...

काटा थरथरला.

आणि पुढं सरकला.

एक्केचाळीस.

त्याच क्षणी तिच्या खालचं स्टूल उडालं.

ती जमिनीवर. डावा खांदा फरशीला चिकटलेला. अंगावर कुणी दिसत नव्हतं... पण वजन होतं. शंभर किलोच्या वर. मानेवर ओली माती, कानाशी गरम श्वास. आणि उजव्या खांद्यावर एक तळहात, खाली रेटत.

वर्षाराणीचं वजन अठ्ठेचाळीस किलो. त्यात भिंग धरलं आहे.

पंचेचाळीस. खांदा चार बोटं वर.

पन्नास. दोन बोटं.

लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात. तिनं दात आवळून विचारलं, "एवढंच?"

श्वास जोरात झाला. बरगड्या करकरल्या. एक बोट.

पंचावन्न. मग खांदा आणि फरशी यांच्यात इतकीच जागा राहिली, की लग्नाची पत्रिका सरकवली असती तर अडकली असती. तिनं टाच कपाटाच्या पायाला लावली आणि मुठीतल्या काट्यावरची नजर हटवली नाही.

सत्तावन्न... अठ्ठावन्न... एकोणसाठ...

पूर्ण वीस मिनिटांना, टिकटिक इकडं नाही की तिकडं नाही, तिनं अंगठ्यानं बटण दाबलं.

वजन उठलं.

भिंतीवरची सतराही घड्याळं एकदम सुरू झाली. कुणाची वेळ कुणाशी जुळत नव्हती, म्हणजे सगळं पूर्ववत.

दारात सम्राट उभा. पाळी संपवून आलेला, हातात कव्हरचा खोका, मागं टेम्पोत आणखी अकरा.

"काय करतीस?"

"कुस्ती."

"कुणासंगं?"

ती उठून बसली. सम्राट काही बोलणार होता, तेवढ्यात त्याची नजर तिच्या खांद्यावर गेली. पोपटी कुर्त्यावर लाल मातीचा पंजा उमटला होता, पाचही बोटं स्वच्छ. सम्राटनं जवळ येऊन स्वतःचा हात शेजारी धरून बघितला. त्याचा हात बालवाडीतला वाटला.

तो वळला. खोका टेम्पोत ठेवला.

"घड्याळ चालू झालंय," ती म्हणाली.

"मी विचारलं काय?" सम्राट म्हणाला. "टेबल तुझं." आणि तो टेम्पोत मागं खोक्यांजवळ न बसता पुढं, ड्रायव्हरला चिकटून बसला. एकट्यानं मागं बसायला नको वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः घड्याळ घेऊन जत्रेला गेली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, तीस झाली. कुठंही अडलं नाही. गावानं टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी तिला बाजूला घेऊन एकच विचारलं.

"पाठ लागली काय तुझी?"

"न्हाय."

वस्तादांचा चेहरा पडला.

"मग बरोबरीच झाली की, पोरी."

एवढंच बोलून ते निघून गेले. तिनं तेव्हा मनावर घेतलं नाही. दुकान राहिलं होतं. फोटोखालचं वाक्यही आता कुणाच्या मेहेरबानीवर नव्हतं.

हे झालं गेल्या वर्षी.

मागच्या आठवड्यात यंदाच्या जत्रेचं हँडबिल आलं. गुलाबी कागद, कुस्त्यांच्या चोवीस जोड्या. आणि सगळ्यात खाली... पंचविसावी.

वर्षाराणी (उचगाव) विरुद्ध केरबा. निकाली.

निकाली म्हणजे वेळेची मर्यादा नाही. एकाची पाठ लागेपर्यंत.

छापखानेवाला म्हणतो, कमिटीनं दिलं ते छापलं. कमिटी म्हणते, आम्ही चोवीसच दिल्या. वस्तादांचा फोन आला. "येऊ नगंस. कायबी कारण सांग, पण येऊ नगंस."

"येतो की," ती म्हणाली. "फक्त आदल्या रात्री जेवायला बोलवू नका."

परवा दुपारी मी दुकानात गेलो. वर्षाराणी काउंटरच्या मागं बैठका मारत होती. आकडे मोठ्यानं मोजत होती. मी बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. साठला ती थांबली, बाहेर आली, माझ्या शेजारी बसून तांब्यानं पाणी प्यायला लागली.

दुकानात कुणी नव्हतं.

आत... काउंटरच्या मागनं... जाड, घोगऱ्या आवाजात मोजणं चालूच होतं.

एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं तांब्या खाली ठेवला, ओठ पुसले आणि म्हणाली, "कालच्यापेक्षा जास्त मारतोय." आणि आत गेली.