आखूड बाही

दिवा असू द्या जवळ, घाई काही नाही. गोष्ट साधीच आहे, एका मोटरीची.

त्या म्हाताऱ्या फिटरला गल्लीत सगळे खटपट्या म्हणायचे. नोकरी सुटली, पण हाताची खोड काही सुटली नाही. फेकलेल्या पंख्याचं काही कर, जुन्या मिक्सरचं काही कर. एकदा भंगारवाल्याच्या ढिगात त्याला शिलाई मशीनची मोटर दिसली. मूठभर, काळी, पायडलसकट.

"आजोबा, आजींना सवत नेताय काय?" भंगारवाला हसला.

"नेऊ दे की. घरात कुणी बोलेल तरी. कुठली रे ही?"

"पोत्यातून आली. पोत्याला कोण पत्ता विचारतो?"

घरी आणून त्यानं ती एका फळीवर बसवली आणि दांड्याला धार लावायचं दगडी चाक जोडलं. पहिली धार कशाला, ते मनात ठरलेलं होतं. बायकोच्या कात्रीला. तिनं जन्मभर गल्लीचे कपडे शिवले. डोळे गेले तशी तिनं कात्री टाकली, आणि कात्रीबरोबर बोलणंही. दोन घास खायची न् भिंतीकडे तोंड करून पडायची. वाळत चालली होती. त्याला सगळा घोर तिचाच.

दुपारी गल्ली निजली होती. त्यानं पायडल दाबलं. मोटर घरघरली, थांबली. परत जराशी घरघरली, थांबली. पाय तर दाबलेलाच! गरम तेलाचा वास आला, आणि त्यात कोऱ्या कापडाचाही. मोटरीतला कार्बनचा तुकडा झिजला असेल म्हणून त्यानं नवा घातला. तेच. वायर बदलली. तेच. खोट कुठे आहे ते कळल्याशिवाय त्याला चैन पडेना.

तेवढ्यात आतून आवाज आला. किती दिवसांनी!

"अहो... कोण शिवतंय?"

"कुणी नाही गं. धारेचं चाक फिरतंय."

"चाक कॉलरच्या कोपऱ्यावर थांबतं होय? ऐका की. शिवलं... थांबली... कापड वळवलं... परत शिवलं."

भिंत धरत धरत ती बाहेर आली आणि मोटरीपाशी बसली. त्या दिवशी तिनं ताट मागून घेतलं.

मग रोज दुपारी ती म्हणायची, "लावा की हो." तो लावायचा. ती कान देऊन सांगायची, आज खांदा जोडला, आज खिसा बसवला. "बसलेला हात आहे हो," असं वर कौतुक. त्याला भीती वाटत नव्हती असं नाही. पण पुढे काय, हे कुतूहल भीतीहून मोठं होतं.

एक दिवस बाह्या आल्या. एक लांब घरघर, मग दुसरी, जराशी तोकडी.

"डावी आखूड आहे," ती हळूच म्हणाली. "दोन बोटं."

खटपट्यानं आपला डावा हात मांडीखाली दडवला. शिडीवरून पडून तो मोडला होता, हाड वाकडं जुळलं, हात दोन बोटं आखूड राहिला. ते माप एकट्या तिला ठाऊक. त्याचे सदरे दुसऱ्या कुणी कधी शिवलेच नव्हते.

त्यानं उठून प्लग उपटला. वायर हातात लोंबत राहिली. मोटरीनं मात्र सावकाश शिवण संपवली, मगच थांबली.

"अगं, माझ्या मापाचा आहे तो..."

"म्हणून तर. कुणाचं काम अर्धं सोडू नये."

दुसऱ्या दिवशी मोटर लावली, तर ढिम्म.

"शिवून झालंय," बायको म्हणाली. "बटणं राहिलीत. ती हातानंच लावायची असतात."

तिनं बटणांचा डबा मागितला. सुई त्यानं ओवून दिली. रिकाम्या मांडीवर ती टाके घालू लागली. बोटं पहिल्यासारखी चपळ, ओठांत गुणगुण. बटण मांडीवर ठेवायची, टाके घालायची, हात उचलला की बटण तिथे नसायचं. आणि दोरा... दोरा दर टाक्याला आखूड होत होता.

शेवटी तिनं तो दातानं तोडला.

"उठा बघू. घालून बघा."

नको, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिचा तो चेहरा! दृष्टी गेलेले डोळेसुद्धा हसत होते. नको म्हटलं तर ती पुन्हा भिंतीकडे वळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं डावा हात पुढे केला. खांद्यावरून काहीतरी गार, कोरं सरकत आलं आणि बरोबर मनगटावर थांबलं.

"कसा बसलाय?" तिनं विचारलं.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि त्याच्या गळ्याचं बटण कुणीतरी हळूच लावत होतं.