सपाट माथ्याची लाट

त्या वर्षी वारा असा सुटला, की शिनोलीत वाळत घातलेलं धोतर जुन्नरच्या बाजारात टोमॅटोचा भाव विचारत फिरत होतं. त्याच वाऱ्यात विजेच्या तारा एकमेकींना भिडल्या आणि कॉलेजच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर जळाले. उरला एक. त्याच्या माउसवर दोन हात एकदमच पडले.

"माझा हात आधी व्हता," आरफा म्हणाली.

"मग तू बस. मी शेजारी बसतो," तौहीद म्हणाला. "मिटलं का न्हाई भांडण?"

आता तिथं ओळीनं नवे कॉम्प्युटर आहेत, ज्याला त्याला आपापला. कुणाचा हात कुणाला लागत नाही... असो.

तौहीद जुन्नरचा. वरातीत पिकअपवर स्पीकर वाजवायचा घरचा धंदा. आरफा आळ्याची, हसू आलं की ओढणीचं टोक दातात धरणारी. सरांनी दोघांना मिळून एकच प्रोजेक्ट दिला: स्पीकरमधली शिट्टी अडवणारा फिल्टर. आधी स्क्रीनवर जोडायचा, आवाजाची लाट गोलाईदार आली की जमा करायचा.

लाट आली, पण खालचा अर्धा भाग गायब!

"ऑप-अँपला वीज कुठून दिलीस?" लाट वाढवणाऱ्या चिपवर बोट ठेवत आरफानं विचारलं.

"बॅटरीवरून. बारा व्होल्ट."

"आणि उणे बारा?"

"पिकअपला कुठं असतं राव उणे बारा?"

ओढणी दातात गेली. "ही वरात न्हाई, तौहीद. लाटेला खाली उतरायलाबी जागा लागते."

उणे बारा जोडले. लाट अशी देखणी उठली, की शिवनेरीवरचे पोपट खिडकीत येऊन बसले. तौहीदचं तोंड मात्र उतरलं. प्रोजेक्ट जमा झाला की आरफा मामूंकडं नाशिकला जाणार होती, नोकरीला. कायमची.

"उद्या दाखवू सरांना," तो म्हणाला.

"हं... उद्या."

सकाळी बघतात तर लाटेचे माथे सपाट! वरून, खालून, विळीवर चिरल्यासारखे. दिवसभर दोघांनी कपॅसिटर बदलले, ऑप-अँप बदलला, एक वडापाव दोघांत खाल्ला. संध्याकाळी लाट सुधारली. सकाळी पुन्हा सपाट. असं चालता चालता मळ्यांतली द्राक्षं उतरली, आणि सर कडाडले, "उद्या शेवटचं!"

त्या दुपारी तौहीद हळूच म्हणाला, "आरफा... इनपुट एक व्होल्टचं रोज दोन कोण करतं गं?"

ओढणी पुन्हा दातात गेली.

"आपला फिल्टर दहापट वाढवतो. दोनाचे वीस व्हतात आणि बॅटरीच्या बारावर लाटेची टाळू आपटते."

"...कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग कपॅसिटर कशापायी बदलत बसलास, येड्या?"

"तू इतक्या हौसेनं बिघडवायचीस... लगेच दुरुस्त करायला जीव व्हईना."

आरफानं स्वतःच्या हातानं दोनाचा एक केला. लाट गोल झाली. तिकडं बघतच ती म्हणाली, "अम्मीला पाठव आमच्याकडं. आजच सांग."

"काय सांगू?"

"सांग... पोरगी लई खोडसाळ हाये. आणि नाशिकला जायचं न्हाई म्हणते."

त्या दिवशी घरी पळताना तौहीदनं एसटी मागं टाकली. ड्रायव्हरनंच हात करून विचारलं म्हणे, "पावणं, आमालाबी घ्या की जरा!"